कारखान्यात येणाऱ्या मालाचं जाळं लाइनकडून मागे कसं आखायचं

आवक मालाचा खर्च कमी करायचा म्हटलं की पहिला फोन ट्रान्सपोर्टरला जातो. भाडं किती कमी करताय? स्टोअरमधून प्लॅनिंगला आले तेव्हा पहिलं वर्षभर मीही हेच केलं. दर खाली आले, पण वर्षाच्या शेवटी एकूण खर्च जवळपास तिथेच होता. कारण डॉकवर, म्हणजे गाड्या उतरवण्याच्या फलाटावर, उभी असताना दिसलं. गाडीचं मागचं दार उघडलं तर आत खोके छातीपर्यंत होते आणि त्यांच्या वर छतापर्यंत काहीच नव्हतं. खोके इतके नरम की एकावर एक तीनच थर चालत, चौथ्याला खालचा दबायचा. निम्म्या गाडीतून हवा येत होती आणि तिचंही भाडं आम्ही भरत होतो.

तेव्हापासून मी उलट्या दिशेने आखते. सुरुवात उत्पादनाच्या लाइनवरच्या कामगाराच्या हातातल्या भागापासून. मग त्या भागाचा डबा, डब्यांची पॅलेट (डबे रचून उचलायचा सपाट पाट), पॅलेटची गाडी, गाडीची फेरी. पुरवठादार कुठला आणि कुठे असावा हा प्रश्न सगळ्यात शेवटी, कारण तोवर त्याचं उत्तर देण्यापुरते आकडे हातात आलेले असतात. नकाशावर ठिपके मांडून रेषा ओढायला बसलं की जाळं सुंदर दिसतं, पण खर्च त्या रेषांमध्ये फार थोडा असतो. तो डब्याच्या मापात, मागवण्याच्या गठ्ठ्यात आणि न पाळलेल्या तारखांमध्ये असतो.

आधी तक्ता

प्रत्येक भागासाठी एक ओळ लिहा. रोजचा वापर आणि तो किती वर-खाली होतो, एका डब्यात किती नग, डब्याची लांबी-रुंदी-उंची, भरलेल्या डब्याचं वजन, किती थर रचता येतात, पुरवठादाराचं अंतर, नगाची किंमत, भाडं कोण भरतं, आणि ऑर्डर दिल्यापासून माल गेटवर येईपर्यंत खरोखर लागलेले दिवस.

डब्याची मापं सिस्टिममधून घेऊ नका. टेप घेऊन स्टोअरमध्ये जा आणि मोजा. मी मोजायला लागले तेव्हा एकाच भागाचे तीन वेगवेगळ्या मापांचे खोके सापडले, कारण पुरवठादाराकडे त्या आठवड्यात जे खोके उपलब्ध असत त्यात माल येई. सिस्टिममध्ये माप एकच होतं आणि ते तिन्हींपैकी एकाचंही नव्हतं.

दिवसांचंही तसंच. सिस्टिममधला लीड टाइम, म्हणजे ऑर्डर ते गेट हे दिवस, बहुतेक वेळा भाग पहिल्यांदा नोंदवताना कोणीतरी टाकलेला असतो आणि नंतर त्याला कोणी हात लावत नाही. गेटचं रजिस्टर काढा, मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी पीओच्या, म्हणजे खरेदी ऑर्डरच्या, तारखांशी जुळवा. काम किचकट आहे, दोन-तीन दिवस जातात. पण पुढचं सगळं गणित याच रकान्यावर उभं राहतं, म्हणून हे काम मी अजूनही दुसऱ्यावर सोपवत नाही. नुसती सरासरी काढून थांबू नका. सगळ्यात लवकर आलेला माल, सगळ्यात उशिरा आलेला माल आणि मधला फरक, तिन्ही लिहा.

सगळे भाग एकदम घ्यायची गरज नाही. जागा खाणारे भाग आणि पैसा अडकवणारे भाग अशा दोन याद्या करा. लोक किमतीची यादी करतात, घनफळाची करत नाहीत, आणि भाड्याचा खर्च त्या दुसऱ्या यादीत असतो. फोमचं इन्सुलेशन, प्लास्टिकची कव्हरं, पोकळ टाक्या यांची किंमत किरकोळ असेल, पण गाड्या त्यांनीच भरतात.

डब्याचे दोन सेंटीमीटर

समजा गाडीची आतली लांबी ६.१ मीटर, रुंदी २.४५ मीटर आणि वापरता येणारी उंची २.४ मीटर आहे. डबा ६०० बाय ४०० मिलीमीटर, उंची ३०० असेल तर लांबीत १०, रुंदीत ६ आणि उंचीत ८ बसतात. एकूण ४८० डबे. आता डबा फक्त २ सेंटीमीटरने मोठा करा, ६२० बाय ४२०. लांबीत ९ बसतात, रुंदीत ५. मागे उरलेल्या जागेत डबे आडवे फिरवून आणखी ३ बसवले तर एका थरात ४८ होतात, आठ थरांत ३८४. डब्यात २० नग असतील तर पहिल्या गाडीत ९,६०० नग आले, दुसरीत ७,६८०. गाडीचं भाडं तेच, नगामागचं भाडं २५ टक्क्यांनी जास्त. एवढी सूट कोणत्याही ट्रान्सपोर्टरशी बोलून मिळत नाही.

म्हणून डबा ठरवताना पॅलेटपासून मागे या. ६०० बाय ४०० चे डबे १,२०० बाय ८०० च्या पॅलेटवर चार बसतात आणि १,२०० बाय १,००० च्या पॅलेटवर पाच, कडेला एक इंचही वाया न जाता. या मापाचे प्लास्टिक क्रेट जगभर चालतात ते याच कारणाने.

समुद्रमार्गे माल येत असेल तर एक माप पाठ करून ठेवा. साध्या कंटेनरची आतली रुंदी साधारण २.३५ मीटर असते. १,२०० मिलीमीटरच्या दोन पॅलेट शेजारी शेजारी ठेवल्या की २.४ मीटर होतात. ५ सेंटीमीटर कमी पडतात. रस्त्यावरच्या ट्रेलरमध्ये जी मांडणी नीट बसते ती कंटेनरमध्ये बसत नाही, एक पॅलेट उभी आणि एक आडवी ठेवावी लागते, आणि १,२०० बाय १,००० च्या पॅलेट ४० फुटी कंटेनरमध्ये व्यवहारात २० किंवा २१ च बसतात. जमिनीवरच्या पुरवठादारासाठी आखलेलं पॅकिंग समुद्रापलीकडच्या पुरवठादाराला जसंच्या तसं दिलं की प्रत्येक कंटेनरमागे जागेचं नुकसान होत राहतं आणि ते कुठल्याही बिलात वेगळं दिसत नाही.

विमानाने माल आणताना हाच हिशेब जास्त टोचतो. हवाई वाहतुकीत घनफळाचं वजन धरतात. सेंटीमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणून ६,००० ने भागायचं. ६० बाय ४० बाय ३० चा डबा म्हणजे १२ किलो. आत ४ किलोचा प्लास्टिकचा भाग असला तरी भाडं १२ किलोचं लागतं.

थरांचा प्रश्न बहुतेक वेळा पुठ्ठ्याच्या जाडीवर सुटतो. आमच्या त्या छातीपर्यंतच्या गाडीत पुरवठादाराने तीन पदरी खोका बदलून पाच पदरी केला आणि कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कोन लावले. थर तीनाचे सहा झाले. खोका महागला, पण निम्म्या गाड्या कमी झाल्या. खोक्याचा वाढीव खर्च आम्ही त्याला किमतीत दिला. तो दिला नसता तर त्याने हे केलंच नसतं, आणि त्याचं बरोबरच होतं, कारण वाचणारं भाडं आमचं होतं.

भाडं किमतीतून बाहेर काढा

पुरवठादार "पोच किंमत" देतो तेव्हा भाडं त्या किमतीत विरघळलेलं असतं. मग त्याची गाडी अर्धी येते की पूर्ण, हे तुम्हाला दिसत नाही. जाळं आखण्याआधी प्रत्येक मोठ्या पुरवठादाराकडून किंमत दोन ओळींत मागा: गेटवरची किंमत वेगळी, पोचवण्याचा खर्च वेगळा. आंतरराष्ट्रीय व्यवहारात इनकोटर्म्स २०२० या व्यापारी अटींच्या संचातल्या एफसीए (फ्री कॅरियर) अटीखाली पुरवठादार ठरलेल्या जागी तुमच्या वाहतूकदाराच्या ताब्यात माल देतो, तिथपासून जोखीम आणि भाडं तुमचं.

प्रत्येकाचं भाडं आपल्याकडे घ्यावं असं मात्र नाही. ज्याच्या गाड्या तुमच्याच बाजूच्या तीन कारखान्यांना रोज माल टाकत येतात, त्याचा खर्च तुमच्यापेक्षा कमीच असणार. त्याला राहू द्या. ज्यांच्या अर्ध्या गाड्या तुमच्या एकट्यासाठी निघतात त्यांचं भाडं घ्या, कारण त्यांना एकत्र करण्याची संधी फक्त तुमच्याकडे आहे. एका पुरवठादाराला शेजारच्या पुरवठादाराचं वेळापत्रक माहीत नसतं, तुम्हाला दोन्ही माहीत असतात.

फेरी आणि गठ्ठा

मिल्क रन, म्हणजे एकाच गाडीने एका फेरीत अनेक पुरवठादारांकडून माल उचलणं, हा शब्द सगळ्यांना माहीत आहे, तो कशासाठी करायचा हे मात्र पुष्कळदा चुकीचं सांगितलं जातं. एक उदाहरण घेऊ. एकाच दिशेला, कारखान्यापासून साधारण ६० किलोमीटरवर चार पुरवठादार आहेत, एकमेकांपासून ८-८ किलोमीटरवर. प्रत्येक जण आठवड्यातून एकदा ३० घनमीटरची भरलेली गाडी पाठवतो. आठवड्याला ४ गाड्या, जाऊन-येऊन ४८० किलोमीटर. आता चौघांना एका फेरीत गुंफा आणि आठवड्यात ४ फेऱ्या करा, प्रत्येक फेरीत प्रत्येकाकडून ७.५ घनमीटर उचला. एक फेरी ६०, मग ८-८-८, मग परत ६०, म्हणजे १४४ किलोमीटर. चार फेऱ्यांचे ५७६.

किलोमीटर वाढले. गाड्या तेवढ्याच राहिल्या. मग फायदा कुठे? साठ्यात. आधी प्रत्येकाचा सरासरी साठा निम्म्या गाडीचा, १५ घनमीटर, चौघांचा ६०. आता प्रत्येकाचा ३.७५, चौघांचा १५. स्टोअरमधली ४५ घनमीटर जागा आणि तेवढ्या मालात अडकलेला पैसा मोकळा झाला. गाड्या आधीच भरून येत असतील तर मिल्क रन साठा कमी करतो, भाडं नाही. गाड्या अर्ध्या येत असतील तरच दोन्ही कमी होतं. तुमची अडचण कोणती आहे ते तक्त्यावरून ठरवा आणि मगच फेरी आखा.

फेरीत थांबे किती? माझा अनुभव तीन ते पाचचा. वरच्या उदाहरणात ताशी ३६ किलोमीटरच्या सरासरीने ४ तास रस्त्यात, चार थांब्यांवर अर्धा-अर्धा तास भरायला, कारखान्यात पाऊण तास उतरवायला आणि रिकामे डबे चढवायला. पावणेसात तास झाले. आठ तासांच्या पाळीत ही फेरी मावते आणि सव्वा तास हातात राहतो. सहावा-सातवा थांबा जोडला की तो सव्वा तास संपतो, आणि मग एका पुरवठादाराकडे झालेला वीस मिनिटांचा उशीर उरलेल्या सगळ्यांच्या वाट्याला येतो. कागदावर भरलेली गाडी दिसते म्हणून थांबे वाढवायचा मोह होतो. तो टाळा.

किती मागवायचं याचं जुनं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलं: मागणी आणि एका ऑर्डरचा खर्च यांचा गुणाकार, त्याची दुप्पट, भागिले एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च, आणि याचं वर्गमूळ. सूत्र बरोबर आहे, पण आवक मालाला जसंच्या तसं लावलं तर फसतं, कारण त्यात प्रत्येक भागाची ऑर्डर स्वतंत्र धरलेली असते. प्रत्यक्षात एका पुरवठादाराकडून बारा भाग येतात आणि फेरीचा खर्च बारा भागांत वाटला जातो. म्हणून ऑर्डरचा गठ्ठा भागानुसार न काढता पुरवठादारानुसार काढा. या सूत्राची दुसरी एक गोष्ट मात्र फार उपयोगाची आहे. योग्य गठ्ठ्याच्या दीडपट मागवलं तरी ऑर्डरचा आणि साठ्याचा मिळून खर्च फक्त ८ टक्क्यांच्या आसपास वाढतो. म्हणजे आकडा पूर्ण डब्याला, पूर्ण पॅलेटला, पूर्ण गाडीला बिनधास्त जुळवून घ्या. ३४७ नगांची ऑर्डर पाठवू नका.

साठा लांबीने कमी, अनिश्चिततेने जास्त वाढतो

या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलावं लागतं, कारण बैठकीत पुरवठादार जवळचा हवा असं सगळे म्हणतात आणि वेळेवर येणारा हवा असं फार थोडे म्हणतात.

सेफ्टी स्टॉकचं, म्हणजे चढउतार झेलायला ठेवलेल्या जास्तीच्या साठ्याचं, गणित असं. लीड टाइमचे दिवस गुणिले रोजच्या वापरातल्या चढउताराचा वर्ग, अधिक रोजच्या वापराचा वर्ग गुणिले लीड टाइममधल्या चढउताराचा वर्ग. या बेरजेचं वर्गमूळ, आणि त्याला सेवा पातळीचा गुणक. चढउतार म्हणजे इथे प्रमाण विचलन. सेवा पातळी म्हणजे माल संपणार नाही याची खात्री, ९५ टक्क्यांसाठी गुणक साधारण १.६५.

आकडे टाकून पाहा. रोज ४०० नग लागतात, चढउतार ६० चा. लीड टाइम ९ दिवस, त्यात चढउतार २ दिवसांचा. वर्गमूळ येतं ८२०, सेफ्टी स्टॉक सुमारे १,३५०. आता जवळचा पुरवठादार आणला, लीड टाइम ६ दिवसांवर आला, पण तोही तसाच दोन दिवस इकडे-तिकडे करतो. सेफ्टी स्टॉक सुमारे १,३४०. दहा नगांचा फरक. उलट जुन्याच, ९ दिवसांच्या पुरवठादाराने तारीख पाळायला सुरुवात केली आणि चढउतार अर्ध्या दिवसावर आला, तर सेफ्टी स्टॉक ४४४. दोनतृतीयांश साठा गेला, आणि पुरवठादार बदलावा लागला नाही.

सूत्राची मर्यादाही सांगते. वापर आणि लीड टाइम दोन्ही मधल्या आकड्याभोवती सारखे पसरलेत आणि एकमेकांवर अवलंबून नाहीत असं ते धरून चालतं. एखादा पुरवठादार नऊ वेळा वेळेवर आणि दहाव्यांदा पंधरा दिवस उशिरा येत असेल, तर त्याच्यासाठी सूत्र बाजूला ठेवा, गेट रजिस्टरमधल्या खऱ्या नोंदी घेऊन कुठल्या साठ्याला लाइन थांबली असती ते मोजा. आणि त्या दहाव्या वेळेचं कारण विचारायला त्याच्याकडे जा.

मी गेले होते अशा एकाकडे. पंधरा दिवसांच्या उशिराचं कारण आमच्याकडेच होतं. आमचं शेड्यूल दर सोमवारी बदलत होतं, आणि तो साचा चढवून अर्धं उत्पादन झाल्यावर भागाचा प्रकार बदलावा लागे. आम्ही पुढच्या दहा दिवसांचं शेड्यूल गोठवलं. गोठवलं म्हणजे खरोखर, विक्री विभागाची तातडी आली तरी त्या दहा दिवसांतला आकडा हलवायचा नाही. दोन महिन्यांत त्याच्या तारखा सुधारल्या. पुरवठादाराला दोष देण्याआधी आपण त्याला पाठवलेल्या शेवटच्या दहा शेड्यूलची तुलना करून पाहा.

लांबचा की जवळचा

आता कुठे पुरवठादाराच्या जागेचा प्रश्न. नगाची किंमत, पॅकिंग, भाडं, आयात कर लागत असेल तर तो, उतरवणं आणि हाताळणी, वाटेतला साठा, स्टोअरमधला साठा, नाकारलेला माल, आणि तातडीने मागवलेल्या मालाचा खर्च. ही सगळी बेरीज नगामागे करा. वाटेतला साठा लोक विसरतात. माल सांभाळण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या २० टक्के धरला आणि माल ३५ दिवस समुद्रात असला, तर किमतीच्या जवळपास २ टक्के वाटेतच गेले. तुमचा टक्का तुमच्या वित्त विभागाकडून घ्या, पण शून्य धरू नका.

समुद्रमार्गाच्या तारखेला मी नेहमी एक जास्तीचा पदर देते. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं आणि सहा दिवस वाट बंद राहिली. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, आशिया-युरोप प्रवास आठवडा-दीड आठवड्याने लांबला. अशा वेळी लाइन चालू ठेवायला विमान लागतं, आणि विमानाचं एक बिल स्वस्त किमतीतून झालेली कित्येक महिन्यांची बचत खाऊन टाकतं. म्हणून लांबच्या पुरवठादाराच्या हिशेबात वर्षाकाठी काही माल विमानाने येणार हे आधीच धरा, जुन्या नोंदींवरून.

कोणता भाग जवळ हवा हे त्याच्या स्वभावावरून ठरतं. जो बनल्यावर फुगतो तो जवळ. पोकळ प्लास्टिकची टाकी पाहा: कच्चा माल दाण्यांच्या रूपात गोण्यांतून दाटीवाटीने येतो, टाकी झाली की तिच्यात बहुतांश हवा. दाणे लांबून आणा, टाकी दाराशी बनवून घ्या. ज्याचे प्रकार खूप आणि जो लाइनच्या क्रमानेच लागतो, जसं मोटारीची सीट, तोही जवळ. स्क्रू, वॉशर, क्लिप कुठूनही येऊ द्या. त्यांचा महिन्याचा साठा एका रॅकवर मावतो, दोन डब्यांच्या पद्धतीने एक रिकामा झाला की ऑर्डर जाते, आणि त्यांच्यावर यापेक्षा जास्त विचार करण्यात तुमचा वेळ मालापेक्षा महाग पडतो.

मधलं गोदाम घ्यायचं का, हेही इथेच ठरतं. एका लांबच्या परिसरात दहा-बारा छोटे पुरवठादार असतील, एकट्याची गाडी कधीच भरत नसेल आणि थेट फेरी पाळीत मावत नसेल, तर त्यांच्याजवळ एक क्रॉस डॉक (माल न साठवता एका गाडीतून दुसऱ्या गाडीत टाकायची जागा) आणि तिथून कारखान्यापर्यंत भरलेली मोठी गाडी, हे जमतं. वाचलेलं भाडं दोनदा उचलण्या-ठेवण्याच्या खर्चापेक्षा जास्त हवं, एवढीच कसोटी. मात्र तिथे माल रात्रीपुरताही मुक्कामाला राहायला लागला तर ते क्रॉस डॉक राहत नाही. रॅक बसवू नका.

एकच पुरवठादार असलेला भाग

१ फेब्रुवारी १९९७ ला जपानमधल्या कारिया इथल्या आयसिन या सुट्या भागांच्या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह तिथे बनत होता आणि टोयोटाचा जवळजवळ सगळा पुरवठा तिथूनच होता. टोयोटाकडे साठा फार थोडा, काही दिवसांत लाइन थांबल्या. पण ज्यांनी तो व्हॉल्व्ह कधी बनवला नव्हता अशा अनेक पुरवठादारांनी ड्रॉइंग घेऊन, हाताशी असलेल्या यंत्रांवर तो बनवायला घेतला आणि आठवडाभरात लाइन पुन्हा सुरू व्हायला लागल्या.

मी यातून माझ्या कामासाठी एक रकाना घेतला. तक्त्यात प्रत्येक एकट्या पुरवठादाराच्या भागासमोर लिहायचं: हा भाग बंद झाला तर दुसरं कोण, कोणत्या यंत्रावर बनवू शकेल, साचा कोणाच्या मालकीचा आहे, ड्रॉइंग आणि तपासणीचे गेज कुठे आहेत, आणि पहिला चांगला नग यायला किती दिवस लागतील. त्या दिवसांइतका साठा महाग भागाचा ठेवणं परवडत नाही, स्वस्त भागाचा परवडतो. एका चिपसाठी किंवा रबरी सीलसाठी तीन महिन्यांचा साठा ठेवला तर पैसा फार अडकत नाही, आणि त्याच चिपवाचून अख्खं यंत्र अपुरं उभं राहतं. सगळ्या भागांना एकच "पाच दिवसांचा साठा" असा नियम लावणाऱ्यांकडे महाग भाग जास्त असतात आणि नेमका हवा तो नसतो.

परतीचे डबे आणि डॉक

जवळच्या फेरीत पुन्हा वापरायचे क्रेट घ्या, लांबच्या वाटेवर पुठ्ठा. क्रेट किती लागतील याचं गणित साधं आहे आणि तरी कमीच घेतले जातात. पूर्ण चक्राचे दिवस मोजा: पुरवठादाराकडे २, वाटेत १, स्टोअरमध्ये २, लाइनवर १, परतीला १, धुण्यात १. झाले ८. रोज ४०० नग, डब्यात २०, म्हणजे रोज २० डबे, चक्रात १६०. त्यावर मोडतोड आणि हरवलेल्यांसाठी थोडे, म्हणजे १८० घ्या. १५० घेतले तर महिन्याभरात पुरवठादार मिळेल त्या खोक्यात माल पाठवतो, आणि तुम्ही पहिल्या दिवशी टेपने मोजलेलं सगळं वाया जातं.

डॉकवर वेळेचे खण पाडा आणि ते पुरते भरू नका. गाड्या येण्याची वेळ आणि उतरवायला लागणारा वेळ दोन्ही बदलते असतील, तर डॉक ८० टक्क्यांवरून ९० टक्के व्यग्र झाला की साध्या रांगेच्या गणिताने थांबण्याचा वेळ दुपटीहून जास्त होतो. गाडी गेटबाहेर उभी राहिली की तिचं थांबण्याचं भाडं लागतं आणि पुढची फेरी चुकते. सकाळी दहाला सगळ्यांना बोलावण्याची सवय मोडा. जड आणि मोठा माल पहाटे घ्या, छोट्या पार्सलांना दुपारचा एक खण द्या.

पहिली फेरी

सगळं जाळं एकदम बदलू नका. एक दिशा, चार पुरवठादार, सहा आठवडे. या सहा आठवड्यांत चार आकडे रोज लिहा: गाडी घनफळाने किती भरली, प्रत्येक थांब्यावर ठरलेली वेळ आणि खरी वेळ, परत गेलेले रिकामे डबे, आणि या चौघांकडून तातडीने वेगळं काही मागवावं लागलं का. तातडीच्या प्रत्येक गाडीसमोर कारण लिहा, आणि कारण "पुरवठादार" असं लिहू देऊ नका. साचा तुटला, शेड्यूल बदललं, नग नाकारले, मोजणीत चूक, यातलं नेमकं एक.

पहिल्या फेरीला गाडीत स्वतः बसा. मी माझ्या पहिल्या मिल्क रनला चालकाशेजारी बसून गेले होते. दुसऱ्या थांब्यापर्यंत सगळं वेळेत. तिसऱ्या ठिकाणी माल तयार होता, पॅलेट बांधलेल्या होत्या, कागदही तयार होते, तरी आम्ही चाळीस मिनिटं उभे राहिलो. त्यांच्याकडे फोर्कलिफ्ट एकच होती आणि त्या वेळी ती पलीकडच्या शेडमध्ये कच्चा माल उतरवत होती, रोज त्याच वेळी. फोनवर वेळ ठरवताना त्यांनी सांगितलं नव्हतं, आम्ही विचारलंही नव्हतं. चालकाने सुचवलं की तिसरा आणि चौथा थांबा अदलाबदल करा, चौथ्याकडे त्या वेळी डॉक मोकळा असतो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तसं केलं.